टिकी बार: हॉलिवूडमध्ये जन्मलेला दक्षिण समुद्र

विचारणा अशी आहे: गोव्यात किनाऱ्यालगत छोटा बार सुरू करायचाय आणि डिझाइनर मित्रानं ‘टिकी थीम’ सुचवलीय. बांबू, लाकडी मुखवटे, ग्लासात कागदी छत्री. हे मूळचं हवाईचं आहे का, त्याची शैली म्हणजे नेमकं काय, आणि आज असं काही करावं का?

आधी काउंटरच्या मागे आणि नंतर दुसऱ्यांचे बार उभे करून देण्यात माझी उमेदीची वर्षं गेलीत, त्यामुळे थोडं लांबून सांगतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोनांच्या पोटात आहे.

टिकी बार हवाईचा नाही, कॅलिफोर्नियाचा आहे. तो जन्मला हॉलिवूडमध्ये, आर्थिक मंदीच्या ऐन काळात. अमेरिकेतली दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ ला उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या तरुणानं मॅकॅडन प्लेस या गल्लीत मोजक्या खुर्च्यांचा एक बार उघडला. हा गडी कॅरिबियन आणि पॅसिफिक बेटांवर भटकून आलेला. जाळी, बांबू, जहाजाचे तुकडे असलं जमवलेलं सामान त्यानं भिंतींवर टांगलं आणि बारला ‘डॉन्स बीचकोम्बर’ असं नाव दिलं. १९३७ मध्ये समोरच्या बाजूला मोठ्या जागेत गेल्यावर ते ‘डॉन द बीचकोम्बर’ झालं. पुढे त्यानं स्वतःचंच नाव कायदेशीरपणे बदलून डॉन बीच करून घेतलं.

रमच का, यालाही व्यापारी कारण आहे. व्हिस्कीला पिंपात मुरायला वर्षं लागतात आणि बंदीच्या तेरा वर्षांत अमेरिकेतल्या भट्ट्या जवळजवळ थंड होत्या. चांगली व्हिस्की मिळत नव्हती, मिळाली तर परवडत नव्हती. कॅरिबियनमध्ये मात्र जुनी, मुरलेली रम पडून होती आणि स्वस्त होती. खलाशांची दारू म्हणून तिला प्रतिष्ठा नव्हती, ती डॉननं मिळवून दिली.

त्याची खरी करामत ग्लासात होती. सजावटीच्या गप्पांत ही गोष्ट मागे पडते, म्हणून इथे जरा थांबतो. कॅरिबियनमधला जुना हिशेब साधा आहे: लिंबाचं आंबट, साखरेचं गोड, रमचा कडकपणा, पाण्याचा किंवा बर्फाचा पातळपणा आणि वर थोडा मसाला. डॉननं यातली प्रत्येक बाजू फोडून तिचे दोन-तीन भाग केले. एका रमऐवजी तीन रम. एका लिंबाऐवजी लिंबू आणि ग्रेपफ्रूट. नुसत्या साखरेऐवजी दालचिनीचा पाक, मध, आणि बार्बाडोसचं फलर्नम, म्हणजे लवंग, आलं, लिंबाची साल घातलेला पाक. त्यावर थेंबात मोजलेलं पर्नो, म्हणजे बडीशेपेच्या वासाची दारू, आणि अँगोस्टुरा बिटर्स हा कडू अर्क. हे सगळं चुरलेल्या बर्फाबरोबर मिल्कशेकच्या स्पिंडल मिक्सरमध्ये जेमतेम पाच सेकंद फिरवायचं. जास्त फिरवलं की पाणी होतं.

१९३४ ची त्याची झॉम्बी ही कॉकटेल घ्या. पोर्टो रिकोची सोनेरी रम ४५ मिली, जमैकाची ४५ मिली, आणि वर ३० मिली डेमेरारा, तीही पंचाहत्तर टक्क्यांच्या कडकपणाची. आपल्याकडच्या ४२.८ टक्के रममध्ये हिशेब केला तर एका ग्लासात सव्वादोन लार्ज बसतात. पण पिताना ते जाणवत नाही. हेच तिचं कौशल्य आणि हाच तिचा धोका.

तिन्ही रमना आपापलं काम असतं. पोर्टो रिकोची हलकी असते, ती जागा भरते. जमैकाची लांब आंबवण करून तांब्याच्या भांड्यात काढलेली असते, तिला अती पिकलेल्या केळ्या-अननसासारखा उग्र दर्प असतो आणि ती सगळ्या रसांच्या वर उठते. गयानाच्या डेमेरारा नदीकाठची रम धुरकट, जळक्या साखरेच्या चवीची, ती तळ धरते. एकाच बाटलीतून हे मिळत नाही. टिकी ड्रिंक म्हणजे ज्यूसमध्ये रम ओतणं, असा जो समज बहुतेक हॉटेलांच्या मेनूंनी करून दिलाय तो इथेच मोडतो.

डॉनला नक्कल होण्याची धास्ती होती आणि ती रास्त होती, कारण प्रतिस्पर्धी त्याचे बारटेंडर पळवत. म्हणून त्यानं पाकांना आणि मसाल्यांना सांकेतिक नावं दिली. ‘डॉन्स मिक्स’, ‘स्पाइसेस नंबर अमुक’. काउंटरवरच्या माणसाला फक्त कुठल्या बाटलीतून किती ओतायचं तेवढं माहीत, आत काय आहे ते नाही. हे काउंटरवरचे लोक बहुतांशी फिलिपिनो स्थलांतरित होते. टिकीच्या गोष्टीत टोपीवाल्या मालकांचे फोटो छापले जातात, पण ही ड्रिंक्स रोज रात्री ज्यांच्या हातून घडली आणि पुढे ज्यांनी ती जपली ते हे लोक. त्यातल्याच रे ब्युहेन यांनी १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेवार्डवर ‘टिकी-टी’ हा चिमुकला बार काढला, तो आजही त्यांच्या कुटुंबाकडे आहे. आणि डिक सँटियागो या डॉनकडच्या कर्मचाऱ्यानं १९३७ च्या सुमारास खिशातल्या वहीत नोंदी ठेवल्या नसत्या, तर मूळ झॉम्बी कायमची हरवली असती. जेफ बेरी या संशोधक बारटेंडरनं ती वही मिळवली, ‘डॉन्स मिक्स’ म्हणजे दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक हे शोधून काढलं आणि २००७ मध्ये पाककृती छापली. तोपर्यंत सत्तर वर्षं जग झॉम्बीच्या नावाखाली काहीही पीत होतं.

दुसरा माणूस व्हिक्टर बर्जेरॉन. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये १९३४ मध्ये त्यानं ‘हिंकी डिंक्स’ नावाचं साधं खानावळवजा ठिकाण काढलं होतं. डॉनचा बार पाहून आल्यावर त्यानं ते पार बदललं आणि ‘ट्रेडर व्हिक्स’ जन्माला आलं. लहानपणी क्षयानं त्याचा एक पाय गेला होता. गिऱ्हाइकांना तो शार्कनं खाल्ला म्हणून सांगायचा. १९४४ मध्ये त्यानं माय ताय बनवली: जमैकाच्या जे. रे अँड नेफ्यूची १७ वर्षं मुरलेली रम, ताजं लिंबू, संत्र्याच्या सालीचं कुरासाओ, खडीसाखरेचा पाक आणि ऑर्जा, म्हणजे फुलांचं पाणी घातलेला बदामाचा पाक. बस. अननस नाही, संत्र्याचा रस नाही, लाल रंग नाही. १९५३ मध्ये वायकीकीच्या रॉयल हवाईयन हॉटेलसाठी त्यानं ड्रिंक्सची यादी करून दिली तेव्हा माय ताय हवाईत पोहोचली आणि तिथे पुढे तिच्यात अननसाचा रस शिरला. म्हणजे ज्या ड्रिंकला सगळं जग हवाईचं समजतं, ते ऑकलंडहून हवाईला गेलं.

खुद्द डॉनचंही तेच. घटस्फोटानंतर धंदा त्याची पूर्वीची पत्नी सनी सुंड हिच्याकडे राहिला. तिनं तो अमेरिकाभर पसरवला, आणि धंदा चालवण्यात ती त्याच्यापेक्षा कितीतरी सरस होती. मुख्य भूमीवर स्वतःचंच नाव वापरता येईना, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर डॉन वायकीकीला गेला. हवाई तेव्हा अमेरिकेचं राज्य झालेलं नव्हतं, त्यामुळे तिथे ती अडचण नव्हती.

जेवणाबद्दल एक वाक्य पुरे: दोघांच्याही मेनूतला ‘पॉलिनेशियन’, म्हणजे हवाईसारख्या पॅसिफिक बेटांचा म्हणवला जाणारा चखणा मूळचा कँटनी चिनी होता, थोडा गोड करून पेटत्या शेगडीसह मांडलेला.

युद्धानं या सगळ्याला लाट दिली. पॅसिफिकमधून लाखो अमेरिकन सैनिक परतले, आणि जे परतले त्यांना आठवणीत उष्णता, डास, मृत्यू यांच्याऐवजी पामची झाडं ठेवायची होती. १९४७ मध्ये थोर हेयरडाल बाल्साच्या ओंडक्यांचा ‘कॉन-टिकी’ तराफा घेऊन पेरूहून पॉलिनेशियात पोहोचला आणि ते नाव घरोघरी गेलं. १९५९ मध्ये हवाई पन्नासावं राज्य झालं. मोटेल, बोलिंग ॲली, अपार्टमेंट, सगळ्यांवर उतरती टोकदार छपरं आणि दारात कोरलेले पुतळे आले. १९६३ मध्ये डिस्नेलँडमध्ये बोलक्या यांत्रिक पक्ष्यांची टिकी खोली उघडली. गंमत अशी की डॉनच्या पहिल्या बारमध्ये हे कोरीव पुतळे, म्हणजे टिकी, फारसे नव्हतेच. तिथे किनाऱ्यावर वाहून आलेल्या सामानाचा पसारा होता. पुतळा मध्यभागी आला तो पन्नाशीच्या दशकात, आणि मग त्यानंच सगळ्या शैलीला नाव दिलं.

आता शैली. चांगला टिकी बार ही नेपथ्याची करामत आहे, आणि हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलची टोंगा रूम १९४५ मध्ये मेल मेल्विन या एमजीएम स्टुडिओच्या नेपथ्यकारानं केली. हॉटेलच्या तळघरात १९२९ पासूनचा पोहण्याचा तलाव होता. तो बुजवण्याऐवजी त्यानं त्याचं सरोवर केलं, भोवती टेबलं मांडली, वाद्यवृंद तराफ्यावर बसवला आणि ठरावीक वेळानं गडगडाटासह पाऊस पाडायची सोय केली. डॉनबद्दलही सांगतात की तो पत्र्याच्या छपरावर पाइपनं पाणी सोडायचा, म्हणजे बाहेर पाऊस आहे समजून गिऱ्हाईक आणखी एक मागवेल.

या खोल्यांना खिडक्या नसतात, निदान उघड्या नसतात. दिवस आहे की रात्र, हे कळू द्यायचं नाही. आत शिरायची वाट मुद्दाम वळणाची, कधी छोटा पूल, खाली पाणी, मग दार. रस्त्यावरून थेट काउंटर दिसला की खेळ संपला. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्या वाटेनं काढायचा.

प्रकाश खूप ठिकाणांहून आणि प्रत्येक ठिकाणाहून अगदी थोडा. जपानी मच्छीमारांच्या जाळ्यांचे काचेचे गोळे, आत दिवा बसवलेले फुगलेले वाळके काटेरी मासे, वेताच्या टोपल्या, पिवळा-नारिंगी उजेड, कोपऱ्यात कुठेतरी निळा-हिरवा. भिंतींना चटई, झाडाच्या सालीचं ठशांचं कापड. आणि छत! नवखे डिझाइनर भिंती सजवतात आणि छताला पांढरं पीओपी ठेवतात. टिकीत निम्मं काम छतात असतं: जाळं, होडी, दोर, दिवे, इतके दाट की छत किती उंच आहे ते समजू नये. बसल्या जागेवरून सगळी खोली एका नजरेत दिसता कामा नये. आवाजाचाही विचार केलेला असे. होनोलुलूत मार्टिन डेनीच्या वाद्यवृंदानं व्हायब्राफोनबरोबर पक्ष्यांचे आवाज काढायला सुरुवात केली आणि त्यातून ‘एक्झॉटिका’ हा संगीतप्रकारच झाला.

सामान पुरवणारे कारागीरही उभे राहिले. कॅलिफोर्नियातल्या व्हिटियरमध्ये लिरॉय श्माल्ट्झ आणि बॉब व्हॅन ओस्टिंग यांनी १९५६ मध्ये सुरू केलेलं ‘ओशनिक आर्ट्स’ २०२१ पर्यंत चाललं. शक्य असेल तर फोर्ट लॉडरडेलचं १९५६ चं ‘माय-काय’ पाहून या. २०२० मध्ये पावसात छप्पर कोसळून ते बंद पडलं होतं, २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. कागदावरचे शंभर नकाशे शिकवणार नाहीत ते तिथल्या एका संध्याकाळी कळतं.

मग हे सगळं कशामुळे पडलं? व्हिएतनामनंतर जंगल आणि झोपड्यांची चित्रं गमतीची राहिली नाहीत. पुढच्या पिढीला ही आईबापांची करमणूक वाटली. आणि ताज्या रसाऐवजी पावडरचं मिक्स, तीन रमऐवजी एक स्वस्त रम आली. माझ्या मते शेवटचं कारण सगळ्यात मोठं. १९९० नंतर स्वेन कर्स्टनसारख्यांनी उरलेल्या इमारती-वस्तूंची नोंद केली, बेरीनं पाककृती शोधल्या, आणि २००९ मध्ये मार्टिन केटनं सॅन फ्रान्सिस्कोत ‘स्मगलर्स कोव्ह’ उघडून रमचा अभ्यास पुन्हा गंभीरपणे काउंटरवर आणला.

आता ‘करावं का’. पॉलिनेशियात टिकी ही पूर्वजांची आणि देवांची प्रतिमा आहे. माओरी परंपरेत तर टिकी हा पहिला माणूस. हवाईत १८१९ मध्ये राजानंच जुनी धर्मबंधनं मोडली, देवळं आणि लाकडी मूर्ती जाळल्या गेल्या. पुढच्या वर्षी मिशनरी आले. १८९३ मध्ये अमेरिकन व्यापारी आणि मळेवाल्यांनी राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं, १८९६ मध्ये शाळांतून हवाईयन भाषा हटली, १८९८ मध्ये बेटं अमेरिकेत विलीन झाली. आणि त्यानंतर साठ वर्षांनी त्याच मूर्तींचे चिनी मातीचे मग करून त्यात रम. आपल्या देवघरातले टाक, त्यातही वाडवडिलांचे, कुणी परदेशी बारमध्ये पेले म्हणून वापरले तर आपल्याला काय वाटेल, याचा विचार केला की पॅसिफिकमधल्या लोकांचा आक्षेप समजायला वेळ लागत नाही. कॅलिफोर्नियात टिकी ऐन भरात असताना, १९४६ ते १९५८ या काळात, अमेरिका मार्शल बेटांवर ६७ अणुचाचण्या करत होती. बारमधल्या पॅसिफिकमध्ये याचा मागमूस नव्हता.

आणखी एक माणूस त्या चित्रात कधीच नव्हता: आपला. १८३८ पासून गयानाच्या उसाच्या मळ्यांत सुमारे २ लाख ३९ हजार गिरमिटिये हिंदुस्थानातून नेले गेले. १८७९ पासून फिजीत आणखी सुमारे ६० हजार. झॉम्बीचा तळ धरणारी डेमेरारा रम त्या मळ्यांतली आहे. टिकीच्या ‘निर्मनुष्य’ बेटावर ऊस आपोआप उगवतो. मला ही रम आवडते, मी ती वापरतो, पण गिऱ्हाइकानं विचारलं तर हेही सांगतो.

तुमच्या जागेकडे येतो. टिकी हा समुद्र नसलेल्या जागेसाठी शोधलेला समुद्र आहे, शिकागोच्या बर्फात, तळघरात, खिडक्या बंद करून. तुमच्यासमोर खरा समुद्र आहे. भर दुपारी, उघड्यावर, फायबरचे मुखवटे लावलेली शॅक मला तरी लग्नाच्या हॉलबाहेरच्या कमानीइतकीच आकर्षक दिसते. शिवाय वाळूवरची शॅक हंगामी असते, पावसाळ्यापूर्वी उतरवावी लागते. तिच्यात छतभर काम करून पैसे घालू नका. आतली एखादी पक्की, बंद खोली असेल तरच या शैलीच्या नेपथ्याचा उपयोग आहे.

तिथे वळणाची वाट, ठिपक्याठिपक्यांचा उजेड, भरगच्च छत, पाण्याचा आवाज हे सगळं खुशाल घ्या. देव घेऊ नका. आपल्या किनाऱ्यावर काथ्याचे दोर, रापणीची जाळी, मोडीत निघालेल्या होड्यांच्या फळ्या, झावळ्या, वेताच्या टोपल्या भरपूर आहेत. प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्रघोडा यांपैकी काहीही टांगू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते गुन्ह्यात जातं, विकणारा काहीही सांगो. पिण्याचे मग हवे असतील तर डिचोलीच्या कुंभारांकडून साधे आकार करून घ्या, मात्र आतून शिसं नसलेलं ग्लेझ असू द्या, कच्ची माती रस पिते आणि दुसऱ्या दिवशी वास मारते. नावात ‘टिकी’ न घालता ‘ट्रॉपिकल’ म्हणण्याकडे बाहेरच्याही बऱ्याच बारचा कल आहे, तुम्हीही तेच करा.

ड्रिंक्सबद्दल. नुसत्या ओल्ड मंकवर हे होणार नाही. मळीपासून काढलेल्या आपल्या गडद रममध्ये व्हॅनिलाचा गोडवा पुढे असतो आणि जमैकाचा दर्प नसतो. ती पाया म्हणून घ्या, पाक एक चतुर्थांशानं कमी करा, आणि आयात जमैकन रम परवडत नसेल तर पाच ते दहा मिली काजू फेणी घाला. तो उग्र, फळांचा वास बऱ्यापैकी जागा भरतो. त्याहून जास्त घातली तर ते फेणीचं ड्रिंक होतं, जे वेगळं आणि चांगलंही लागू शकतं. नारळाची फेणी सौम्य, तिला हे काम जमत नाही. ग्रेपफ्रूट रोज ताजं मिळणार नाही. पपनस वापरा आणि त्याचा सौम्यपणा भरून काढायला लिंबू थोडं वाढवा. बदामाचा पाक स्वतः करा, बाटलीतल्या इसेन्सनं माय ताय मरते. रस त्याच दिवशीचा, चुरलेला बर्फ कोरडा. गोव्याच्या दमटपणात बर्फ चुरून ठेवला की अर्ध्या तासात लगदा होतो, म्हणून सजावटीच्या खर्चातून कापून चुरा करणारं मशीन काउंटरखालीच बसवा.

झॉम्बी मेनूवर ठेवणार असाल तर एक गोष्ट छापून टाका. डॉनच्या मेनूवर माणशी दोनच असा नियम होता. मी तुम्हाला एकच सुचवेन, कारण तुमचं निम्मं गिऱ्हाईक भाड्याच्या स्कूटरवर येणार आहे.